टेकडीवर कुणीच जात नाही

त्या गावात एक नियम होता. तो कुठेही लिहिलेला नव्हता, म्हणूनच सगळे पाळत. गावामागच्या टेकडीवर कुणी कुणाला भेटलं तर ओळख दाखवायची नाही. मान वळवायची, बुटाची नाडी बांधायला खाली वाकायचं, नाहीतर आभाळात काहीतरी महत्त्वाचं चाललंय असा चेहरा करून पुढे सटकायचं. खाली आल्यावर तर विषयच काढायचा नाही. पूर्वी टेकडीवर जायचा तो ज्याच्या घरी सरपण नाही, चारा नाही, आडोसा नाही असा माणूस. पुढे गावाला बरे दिवस आले, बहुतेक घरी गॅस आला, पण लाज काही गेली नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, त्यातली गत. शिवाय टेकडी पडली सरकारी. सरकारी म्हणजे सगळ्यांची, आणि सगळ्यांची म्हणजे आपण कशाला बोलायचं, असा गावाचा साधा हिशोब होता.

या नियमातून एकच बाई सुटली होती. तिला सगळं गाव आत्या म्हणायचं. आत्या रोज सकाळी शेळ्या घेऊन उजळ माथ्याने टेकडीवर जायची आणि दिवस कलला की उतरायची. मधला सगळा वेळ ती वरच्या झाडाखाली बसून असायची. शेळ्या चरत, आणि आत्या बघत असे. कोण कुठल्या वाटेने आलं, कशासाठी आलं, किती वेळ बसलं, सगळं तिला ठाऊक. अख्खं गाव तिच्या पोटात होतं, पण ओठांवर आजवर एक अक्षर आलं नव्हतं. नियम तो नियम.

आणि मग अध्यक्षांना टेकडी दिसली. हे नगर समितीचे अध्यक्ष. निवडणूक महिन्यावर आली होती आणि दाखवायला काहीतरी काम हवं होतं. शहरातल्या एका कंपनीला टेकडीवर विश्रामगृह बांधायचं होतं. भोवती भिंत, भिंतीला फाटक, फाटकावर तिकीट. अध्यक्ष म्हणाले, घ्या. पण कायदा आडवा आला. लोकांच्या वापरात असलेली सार्वजनिक जमीन भाड्याने देता येत नाही, असं जमीन खात्याने कळवलं. मग लोक टेकडी वापरतात का, हे विचारायला खात्याची माणसं दारोदार फिरली.

आता अशा नियमाच्या गावात तुम्ही दारात उभं राहून विचारणार, टेकडीवर जाता का, तर काय उत्तर मिळणार? डॉक्टर म्हणाले, मला मरायला फुरसत नाही. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, तिथे आहे काय जाण्यासारखं? लॉन्ड्रीवाल्याने तर कुठली टेकडी, असंच विचारलं. वरच्या वाडीतली माणसं तिथूनच चारा आणि लाकूडफाटा आणत, पण त्यांनीही माना हलवल्या. पोरींची लग्नं ठरायची होती, कोण कबूल करणार? आत्याच्या घरी सूनबाई शिलाई मशीनवर होती. ती म्हणाली, "आई वर गेल्यात, संध्याकाळी या." खात्याची माणसं संध्याकाळी काम करत नसत.

तर असं सगळं जुळून आलं आणि शेवटची सुनावणी शाळेच्या मोठ्या वर्गात लागली.

आत्या पहिल्या बाकावर येऊन बसली. वरून शांत दिसत होती, पण मनात हिशोब चालला होता. टेकडी गेली की शेळ्या खाटकाकडे जाणार, हे सरळ होतं. आणि शेळ्या गेल्या की आत्या जाणार घरातल्या पुढच्या खोलीत. मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, घरी पाहुण्यासारखा यायचा. त्या खोलीत सूनबाई शाळेचे गणवेश शिवायची. एका बाजूला मशीन, दुसऱ्या बाजूला कापडाचे गठ्ठे, आणि मधल्या जागेत आता कोपऱ्यात उभ्या केलेल्या छत्रीसारखी सासू. नवरा गेल्यापासून आत्याने कुणापुढे हात पसरला नव्हता. तिला मरणाची भीती वाटत नव्हती, त्या खोलीची वाटत होती.

जमीन खात्याच्या मॅडम आल्या. नव्यानेच बदली होऊन आलेल्या, चष्म्याच्या, घाईतल्या. मुलांच्या बाकावर गुडघे मावेनात म्हणून तिरक्या बसल्या आणि म्हणाल्या, "या टेकडीचा वापर कोण कोण करतं? हात वर करा."

आत्याचा हात वर गेला. बाकीचं गाव फळ्याकडे बघत बसलं.

"बघितलंत ना मॅडम," अध्यक्ष म्हणाले. "एक हात. तोही खरं म्हणजे शेळ्यांचाच."

लोक हसले. डॉक्टर हसले, मुख्याध्यापिका हसल्या, लॉन्ड्रीवाला जरा जास्तच हसला. आत्याने मागे वळून एकेकाकडे पाहिलं. हसताय होय रे, तिच्या मनात आलं. माझ्या झाडासमोरून रोज चोरासारखे जाता आणि वर मलाच हसता? मग तिने आयुष्यभर पाळलेला नियम मनातल्या मनात एकदा शेवटचा बघून घेतला आणि उठून उभी राहिली.

"मॅडम, मी साक्ष देते. नाव कुणाचंही घेणार नाही, घाबरू नका," हे शेवटचं तिने मागे बघून सांगितलं. "पण मी वर बसते, मला दिसतं. आता एक गृहस्थ आहेत. खाली लोकांना सांगतात, सिगारेट सोडा, फुप्फुसं जातील. आणि दुपारी वरच्या खडकामागून असा धूर निघतो की माझी म्हातारी शेळी खोकते. तर हे गृहस्थ गळ्यात ती तपासायची नळी..."

डॉक्टरांचा हात वर गेला. "मी जातो कधी कधी," ते घाईने म्हणाले. "मोकळ्या हवेसाठी."

"हवेसाठीच," आत्या म्हणाली. "दुसऱ्या एक बाई आहेत. त्यांना बघून पोरं श्वास रोखतात. या बाई सुट्टीच्या दिवशी पलीकडच्या उतारावर बसून शिट्ट्या वाजवतात. साध्या नाही, दोन बोटं तोंडात घालून. आणि परवा तर उतारावरून बसल्या बसल्या घसरत..."

मुख्याध्यापिकांचा हात इतक्या झटक्यात वर गेला की शेजारणीचा चष्मा पडला.

"आणि इस्पितळाच्या चादरी असतात बघा," आत्याने गाडी पुढे काढली. "यंत्रात वाळवतो म्हणून जास्तीचे पैसे घेतात त्याचे. पण त्या चादरींना खडकावरचं गवत कसं काय..."

लॉन्ड्रीवाल्याने दोन्ही हात वर केले. मॅडमनी एकच मोजला.

आता वर्गात चुळबुळ सुरू झाली. आत्या ज्याच्याकडे नुसती बघेल त्याचा हात वर जाऊ लागला. न्हावी तर तिने तोंड उघडायच्या आधीच उभा राहिला. दिवसभर दुकानात याची चेष्टा, त्याचं राजकारण, अखंड बडबड करणारा माणूस. तो खाली बघून म्हणाला, "मी गप्प बसायला जातो. दुकानात गप्प बसलो तर गिऱ्हाईक घाबरतं." यावर कुणी हसलं नाही. आणि मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या वाडीतल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. एवढी मोठमोठी माणसं हात वर करतायत म्हटल्यावर लाज कसली, असं त्यांना वाटलं असावं. त्यांचेही हात वर गेले. एक म्हातारा तर म्हणाला, "मॅडम, खालच्या विहिरींना पाणी कुठून येतं वाटतं यांना? वरचा झाडझाडोरा गेला की नळ नुसते शिट्ट्या मारतील." मुख्याध्यापिकांनी दचकून मागे पाहिलं.

अध्यक्षांना घाम फुटला. वाडीतली मतं म्हणजे थोडीथोडकी नव्हेत.

"आणि एक पुढारी आहेत," आत्या आता रंगात आली होती. "ते माझ्या शेळ्यांपुढे उभे राहून भाषणाची तालीम करतात. माझ्या बंधूभगिनींनो म्हणतात. बोकड तेवढा शेवटपर्यंत ऐकतो."

अध्यक्षांनी घाम पुसायला हात कपाळाकडे नेला. "हा एक," म्हणून मॅडमनी तोही मोजून टाकला.

पण अध्यक्ष काही कालचे नव्हते. घाम पुसून झाल्यावर ते सावकाश उठले. "मॅडम, हे सगळं कधीमधीचं झालं. फिरायला, धूर काढायला, कपडे वाळवायला. वाडीला चारा आम्ही कंपनीकडून घरपोच देऊ, पाण्याची टाकी बांधू. मग टेकडीवाचून अडतं कुणाचं? कायद्यात काय लिहिलंय, तुम्हीच सांगा."

मॅडमनी चष्मा सारखा केला. "रोजचा वापर हवा," त्या म्हणाल्या. "आणि ज्याला दुसरी सोय होत नाही असा."

"रोजच्या फक्त आत्या. आणि त्यांची सोय मी स्वतः केलीय." अध्यक्षांचा आवाज एकदम मधाळ झाला. "शेळ्यांची पुरेपूर भरपाई. आत्या, खूप केलंत आयुष्यभर. आता सकाळपासून रात्रीपर्यंत घरात बसायचं, आराम करायचा, सुनेच्या डोळ्यांसमोर. कुठे जायचं कारणच उरणार नाही."

आयुष्यात पहिल्यांदा आत्याला वाटलं, आपण हरलो. गावाची सगळी अंडीपिल्ली बाहेर काढली, आयुष्यभराचा नियम मोडला, आणि तरी आपल्याला उचलून त्या खोलीत नेऊन ठेवणार. ती खाली बसली.

तेवढ्यात मागे बाक करकरलं. सूनबाई उठली होती. गळ्यात मोजमापाची टेप, बटणं लावायला मांडीवर घेतलेला गणवेशाचा शर्ट, तो तिने घाईत छातीशी धरलेला. ही बाई चारचौघांत कधी बोललेली कुणी ऐकली नव्हती.

"मी वापरते टेकडी," ती म्हणाली. "रोज."

आत्या गर्रकन वळली. "तू? कधी गं? मला कशी दिसली नाहीस?"

"मी कशाला जाऊ? तुम्ही जाता ना." सूनबाईने मॅडमकडे तोंड केलं. "मॅडम, आमच्या आई सकाळी वर जातात तेव्हा माझा दिवस सुरू होतो. त्या घरात असल्या की मशीनच्या मागे उभ्या राहतात. टाका मोठा पडला म्हणतात, कॉलर वाकडी आली म्हणतात. मग ती येतेच वाकडी. माणूस वाईट नाही, ताप आला तर रात्रभर उशाशी बसतात. पण दिवसभर आम्ही दोघी एका खोलीत? महिन्याभरात आमच्यापैकी एक जण टेकडीवर राहायला जाईल, आणि तेव्हा तिथे तिकीट असेल. माझं अडतं मॅडम. रोज अडतं. याला दुसरी सोय असेल तर अध्यक्षांनी सांगावी."

वर्ग असा हसला की बाहेरच्या पटांगणातली पोरं खिडकीला येऊन चिकटली. सगळ्यांना हसू आलं, आत्याला नाही. तिचा चेहरा उतरला. गावात कोण कुठे काय लपवतं ते तिला माहीत, आणि आपल्याच घरात आपण बाहेर पडायची वाट बघितली जाते, हे माहीत नाही. दिव्याखाली अंधार तो हा. तिला राग आला, चांगला सणसणीत. मग त्या रागाच्या मागून एक विचार आला आणि तो काही जाईना. आपण तरी रोज इतक्या पहाटे का निघतो? शेळ्यांना एवढी घाई कधीच नव्हती.

"आजी, तुम्हाला काही म्हणायचंय?" मॅडमनी विचारलं.

आत्या उठली. "लिहून घ्या मॅडम," ती म्हणाली. "पोरगी खरं बोलतेय. माझंही तेच आहे." आणि बसता बसता म्हणाली, "कॉलर मात्र वाकडीच होती."

मॅडमनी पेन उचललं, मग थांबल्या. चराई, सरपण, पाणी असे ठरलेले प्रकार त्यांच्यापुढे छापलेले होते, यातला एकही बसेना. शेवटी त्यांनी हसू दाबत काहीतरी लिहिलं, आणि टेकडी सार्वजनिकच राहील, असं उभं राहून सांगितलं. सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या त्या अध्यक्षांनी. वारा पाहून पाठ द्यायला त्यांना वेळ लागत नसे. टेकडी जनतेचीच राहिली पाहिजे हे मी पहिल्यापासून म्हणतोय, असं ते दारातच वाडीतल्या म्हाताऱ्याचा हात धरून सांगू लागले. म्हाताऱ्याने बोकडापेक्षाही कमी वेळ ऐकलं.

सासू-सून घरी निघाल्या. निम्मा रस्ता सूनबाई शर्टाचं एकच बटण पुन्हापुन्हा चाचपत होती.

"राग आला?" तिने शेवटी विचारलं.

"येणारच. चारचौघांत अब्रू काढलीस." आत्या तरातरा चालत म्हणाली. "उद्यापासून उजाडायच्या आधीच निघते मी. तुला तेवढाच वेळ जास्त."

"इतक्या लवकर नको," सूनबाई म्हणाली. "नेहमीच्या वेळेलाच निघा. तुमचा डबा व्हायला वेळ लागतो."

आत्या चालता चालता थांबली. काहीतरी टोमणा मारायला तिने तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.