रविवारची सुटी बंद केल्याबाबत

सभागृहात लेखी प्रश्न विचारतो एखादा सदस्य आणि उत्तर देतो मंत्री, असे लोकांना वाटते. वाटू द्यावे. उत्तर लिहिणारा तिसराच कोणीतरी असतो आणि त्याचे नाव कुठेच छापून येत नाही. या मंत्रालयात तो तिसरा म्हणजे आस्थापना शाखेतला कक्ष अधिकारी. कर्मचाऱ्यांच्या नेमणुका, बदल्या, रजा यांबद्दल कोणी काही विचारले, की तो कागद चार टेबले फिरून शेवटी याच्याच टेबलावर येऊन बसे.

सगळे त्याला अंशतः म्हणत. त्याला कारण होते. ‘हे खरे आहे काय’ असे विचारल्यावर होय म्हणावे तर मंत्री अडचणीत येतो, नाही म्हणावे तर पुढच्या अधिवेशनात कोणीतरी पुरावे घेऊन उभा राहतो. ‘हे अंशतः खरे आहे’ हे उत्तर मात्र कोणाच्याच अंगाशी येत नाही, आणि त्यावर याचा हात चांगलाच बसला होता. कॅन्टीनवालाही कप पुढे करताना विचारी, ‘साहेब, साखर अंशतः ना?’ आणि तो मुकाट हसे. माणूस गरीब, कोणाच्या अध्यात ना मध्यात. सरकारी कागदावर त्याने आजवर धडधडीत खोटे असे काही लिहिले नव्हते. तोंडी एकच सांगून ठेवले होते, तेही आपल्या वडिलांना.

वडील, म्हणजे त्याचे बाबा, रेल्वेने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर एका लहान गावात सलून चालवत. आई होती तोवर बापलेकांना एकमेकांशी बोलण्याची कधी गरजच पडली नव्हती. बाबांना काही सांगायचे असले की ते आईला सांगत, आई याला सांगे, आणि याचे उत्तर त्याच वाटेने परत जाई. सरकारी भाषेत याला ‘योग्य मार्गे’ म्हणतात. ‘त्याला म्हणावं, वाळलाय फार,’ असे बाबा स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणत, आणि तो त्यांच्या समोरच जेवत असे. त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. गेल्या वर्षी आई गेली आणि तो मार्ग बंद पडला.

त्यानंतर तो दोनदा घरी गेला. दोन्ही वेळा दोघे समोरासमोर जेवायला बसले. भाजी बरी झालीय, एवढे बोलून झाले, मग पाणी हवे का ते विचारून झाले, आणि मग दोघेही ताटात बघत राहिले. हा बापावर रागावला होता असे मुळीच नाही. उलट त्या म्हाताऱ्या माणसाने स्वतः पोळ्या लाटलेल्या पाहून त्याला भडभडून आले होते, पण ते सांगायचे कसे, तेच त्याला कोणी शिकवले नव्हते. परतीच्या गाडीत तो खिडकीकडे तोंड करून रडला आणि पुन्हा जायचे त्याला धाडस झाले नाही.

मग शनिवारी फोनवर बाबांनी विचारले, ‘उद्या येतोयस का?’ आणि याच्या तोंडून निघून गेले, की सरकारने आमच्या रविवारच्या सुट्या बंद केल्यात, सदस्यांचे प्रश्न फार साचलेत. सरकारवर ढकलले की पुढे कोणी विचारत नाही, हा त्याचा नोकरीतला अनुभव. बाबांनीही विचारले नाही. ‘बरं,’ म्हणाले आणि फोन ठेवला. पुढच्या शनिवारी त्याने तेच सांगितले, त्याच्या पुढच्याही. हळूहळू ते त्याला इतके सवयीचे झाले, की सांगताना आवाजसुद्धा दमल्यासारखा निघू लागला. रविवारी तो उशिरापर्यंत लोळे, कपडे धुई आणि दिवसभर स्वतःला बोल लावी.

तर अशात एके दिवशी एक प्रश्न आला. सुरुवात नेहमीचीच, ‘मंत्री महोदय पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’. खाली तीन भाग. ‘(१) मंत्रालयातील कर्मचाऱ्यांच्या रविवारच्या सुट्या शासनाने बंद केल्या आहेत, हे खरे आहे काय, (२) असल्यास, त्याची कारणे काय आहेत, (३) अशा कर्मचाऱ्यांना वेळेवर जेवण व पुरेशी झोप मिळते काय, आणि त्यांच्यापैकी कोणी आजारी पडल्यास त्याच्याकडे कोण पाहणार आहे?’

पहिले दोन भाग वाचून त्याला वाटले, कर्मचारी संघटनेचे काहीतरी असेल. तिसऱ्याशी मात्र तो अडखळला. प्रश्नात कोणी असे लिहीत नाही. त्याने वर विचारणाऱ्या सदस्याचे नाव पाहिले, आणि तो सदस्य त्याच्याच गावाकडून निवडून आलेला निघाला.

प्रश्नातले काही कळले नाही तर सदस्याच्या मदतनिसाला फोन करून विचारण्याची पद्धत असते. त्याने फोन केला आणि या प्रश्नाला आधार काय, असे अगदी कोरड्या आवाजात विचारले. मदतनीस हसायलाच लागला. म्हणाला, आधार कसला घेऊन बसलात, आमचे साहेब गावी गेले की ज्यांच्याकडे दाढी करतात ना, त्या काकांनी तो प्रश्न सांगितलाय. अर्ध्या गालाला फेस, वस्तरा गळ्याशी, आणि काका म्हणाले, आधी माझं एक काम करा. साहेब नाही कसे म्हणणार? शब्दसुद्धा काकांचेच आहेत, त्यातला एकही बदलू नका म्हणाले. काकांचा मुलगा तुमच्याच मंत्रालयात आहे म्हणे, फार राबवता हो तुम्ही बिचाऱ्याला. अंशतःने ‘बघतो’ म्हणून फोन ठेवला.

आता पुढचे सगळे त्याला लख्ख दिसू लागले. उत्तर छापले जाईल. सदस्य ते घेऊन गावी जातील, त्याच दुकानात बसतील आणि गिऱ्हाइकांनी भरलेल्या बाकासमोर मोठ्याने वाचून दाखवतील. सरकारने काहीच बंद केले नव्हते, पोरगाच येत नव्हता, हे त्याच्या बापाला हातात वस्तरा धरून चार लोकांत ऐकावे लागेल. ज्या माणसाने त्याच्यासाठी सरकारला जाब विचारला, त्याचीच मान खाली जाईल.

मग त्याने जे येत होते तेच केले. ‘हे अंशतः खरे आहे,’ असे लिहिले, अधिवेशनाच्या काळात काही कर्मचाऱ्यांना जादा वेळ थांबावे लागते वगैरे दोन ओळी मागे जोडल्या, आणि मसुदा घेऊन उपसचिव बाईंकडे गेला. बाईंचे केस पिकलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि लाल पेनाचा धाक सबंध मजल्याला. त्यांनी मसुदा वाचला आणि सुटी बंद केल्याचा आदेश कुठे आहे, असे विचारले. आदेश नाही, तो म्हणाला.

“मग यात अंशतः खरं काय आहे?”

“एक कर्मचारी रविवारी घरी जात नाही, एवढं खरं आहे.”

“त्याची सुटी कोणी बंद केली?”

“त्यानंच,” तो म्हणाला.

बाईंनी त्याला बसायला सांगितले. इतक्या वर्षांत त्यांच्या खोलीत तो पहिल्यांदाच बसला असेल. त्याने सगळे सांगितले; आईचे, त्या दोन जेवणांचे, शनिवारच्या फोनचे. ऐकून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला, लाल पेन उचलले, ‘अंशतः’ खोडून ‘हे खरे नाही’ असे केले आणि खालच्या दोन ओळी काढून टाकल्या. मंत्र्याच्या नावावर आपण खोटे जाऊ देणार नाही, मग ते कोणाच्याही बापासाठी असो, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. तिसऱ्या भागापाशी मात्र त्यांचे पेन थांबले.

“जेवता का, झोपता का, हे आपल्या शाखेला माहीत नसतं,” त्या म्हणाल्या. “इथे मी काहीतरी सरकारी लिहून टाकते. खरं उत्तर तुम्ही देऊन या. हे पुढच्या आठवड्यात छापायला जाईल. मध्ये एक रविवार आहे.”

रविवारी तो पहाटेच्या गाडीने गेला. वाटेत त्याने मनातल्या मनात पाच-सहा मसुदे केले आणि सगळे फाडले. स्टेशनवरून तो घरी न जाता सरळ दुकानाकडे वळला, कारण रविवार म्हणजे सलूनवाल्याला मान वर करायची फुरसत नसण्याचा दिवस.

दाराबाहेरच त्याला बाबांचा आवाज ऐकू आला आणि तो थबकला. बाबा बोलत होते. कोणाच्या जावयाबद्दल, पाण्याच्या मोटारीबद्दल, गुडघ्याच्या औषधाबद्दल, एकातून दुसरे निघत होते आणि लोक हसत होते. या माणसाला इतके बोलता येते हे मुलाला आज कळत होते. त्याने दार ढकलले. बाबांचा हात गिऱ्हाइकाच्या कानाशी थांबला आणि पुढच्याच क्षणी त्यांचा चेहरा असा फुलला, की याला परत स्टेशनकडे पळावेसे वाटले.

“बघा,” बाबा बाकावरच्या मंडळींना म्हणाले, “प्रश्न टाकल्याबरोबर सोडलं की नाही पोराला?”

मंडळींनी माना डोलावल्या. एकाने सरकून जागा दिली, एकाने पाठ थोपटली, सरकारला असेच वठणीवर आणायला हवे असे तिसरा म्हणाला. तो तोंडात गुळणी धरल्यासारखा बसून राहिला. एकेक गिऱ्हाईक उठत गेले, प्रत्येकाला बाबांनी प्रश्नाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, आणि प्रत्येक वेळी याचा जीव थोडा थोडा झाला. शेवटचा माणूस गेल्यावर बाबांनी दार लोटले आणि केर काढायला झाडू घेतला. बोलणे तिथेच संपले. दोघे पुन्हा ताटापुढे बसल्यासारखे गप्प झाले.

“बाबा,” तो म्हणाला, “सुट्या कोणी बंद केल्या नव्हत्या. मी खोटं सांगत होतो.”

बाबांनी दोन-चार वेळा झाडू फिरवला. मग तो भिंतीला टेकवून ठेवला.

“म्हणजे रविवारी तू घरीच असतोस?”

“हो.”

“काय करतोस?”

“काही नाही. झोपतो. कपडे धुतो.”

“झोपतोस ना, पण? नीट?”

“हो.”

बाबा बाकावर बसले.

“मग झालं तर,” ते म्हणाले. “अरे, तुझा फोनवरचा आवाज ऐकून माझ्या पोटात गोळा यायचा. म्हटलं, पोराला मारतात की काय तिथं. तुला काही झालं असतं, तर तुझ्या आईला मी काय सांगितलं असतं?”

त्याने बोल ऐकायची तयारी करून ठेवली होती, याची नव्हती. येत का नाहीस, असे प्रश्नात एका अक्षराने विचारलेले नव्हते, हे त्याच्या आत्ता ध्यानात आले. तो रडू लागला, लहानपणी रडे तसा, नाक ओढत. बाबांनी त्याला रडू दिले. बऱ्याच वेळाने त्यांनी हळूच विचारले, “पण मग येत का नव्हतास रे?”

“मला तुमच्याशी बोलताच येत नाही, बाबा. आई नाही तर काय बोलायचं, ते कळत नाही.”

“मला तरी कुठं कळतं?” बाबा म्हणाले. “तू समोर बसलास की माझी जीभच उचलत नाही. गिऱ्हाइकाचं बरं असतं. त्याचं तोंड तिकडं, मी मागं. बोललं जातं.”

उत्तर छापून आल्यावर लोक काय म्हणतील, हेही त्याने भीतभीत विचारले. पोरगं खोटं बोललं असं सांगेन, बाबा म्हणाले, बाकावर बसणाऱ्यांपैकी कोणाचं बोलत नाही? मग ते उठले, खुर्चीवरचे केस त्यांनी टॉवेलने झटकले आणि खुर्ची त्याच्याकडे फिरवली.

“बस.”

तो बसला. बाबांनी त्याच्या गळ्याभोवती पांढरे कापड बांधले, मागे जाऊन उभे राहिले आणि त्याचे डोके दोन्ही हातांत धरून सरळ केले. हात गरम होते. हे असले केस कापून घ्यायला पैसे मोजलेस का, असे त्यांनी पहिल्यांदा विचारले, आणि तो रडता रडता हसला. मग कात्री चालू लागली. मग बाबा म्हणाले, तुझी आई शेवटच्या दिवशी काय म्हणाली, ते तुला सांगायचंच राहिलंय. ते त्यांनी सांगितले. मग तिच्या लग्नातले सांगितले, मग तो जन्मला त्या दिवसाचे, आणि त्यानेही मधे मधे विचारले, आठवले ते सांगितले, एकदा तर बाबांना खोडून काढले. दोघेही समोरच्या भिंतीकडे बघत होते. केस कापून केव्हाच झाले होते. बाबा त्याच्या कानामागे रिकामीच कात्री वाजवत होते आणि बोलत होते.