हिरवं अमृत

विहिरीपाशी पाय ठेवायला जागा नव्हती. वर्षानुवर्षं कोरडी ठणठणीत पडलेली विहीर भर उन्हाळ्यात भरली होती, आणि काठावर खुर्ची टाकून बसलेला बाबा असा घामेजला होता, जणू सगळं पाणी त्यानेच उपसून आणलंय.

"पाताळातलं अमृत वर खेचलंय! एक घोट प्या, सगळे रोग खल्लास!"

बाटल्या घेऊन उभ्या असलेल्या रांगेत डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना आपले सासरेच दिसले. त्यांनी कपाळावर हात मारला. वसाहतीतल्या न्हाणीघरांचं पाणी खडी-वाळूतून गाळून जमिनीत मुरवायचा खड्डा याच सासऱ्यांनी खणवला होता. तेव्हा विहिरीत थेंब आला नाही, लोक हसले आणि म्हातारा हिरमुसला.

"मामंजी, हे तुमच्याच खड्ड्याचं पाणी आहे!"

"गप्प बस, सूनबाई. माझ्या हाताला कधी यश आलंय?" सासरे कडवटपणे म्हणाले. "बाबा म्हणतात, खड्ड्याने पाताळाची वाट अडते. येत्या रविवारी बुजवायचाय."

खड्डा गेला की विहीर पुन्हा कोरडी. पण इथे वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

"बुजवा," बाई मोठ्याने म्हणाल्या. "पण रविवारपर्यंत हे अमृत हिरवं होईल, बघा."

"अमृताला रंग नसतो, बाई!" बाबा खदखदून हसला.

रविवारी लोक फावडी घेऊन जमले, आणि विहिरीत पाणी हिरवंगार!

"बघा, अमृत पिकलं!" बाबाने लगेच सूर बदलला. पण गर्दी आता बाईंच्या पायांवर लोटली. "बाईंच्या अंगात शक्ती आहे!"

"शक्ती कसली? बाटली आहे!" बाईंनी चिडून पाय मागे घेतले. "बुबुळावरचा ओरखडा दिसावा म्हणून डोळ्यात घालतो, तो हा रंग. मी खड्ड्यात ओतला, विहिरीत निघाला. तहानलेल्या जमिनीने आधी आपलं पोट भरलं, मग विहीर भरली. झाडांना घाला, फरशा धुवा, पण पिऊ नका. तुमच्याच आंघोळीचं पाणी आहे ते!"

रांगेतल्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. खुर्ची तेवढी जागेवर राहिली, बाबा दिसेना.

"पुढच्या वेळी हात जोडायच्या आधी एवढंच विचारा, हे आलं कुठून?" बाई म्हणाल्या.

सासरे मात्र विहिरीत वाकून बघत होते.

"माझं पाणी," ते पुटपुटले. मग डोळे पुसत वळले आणि लोकांवर खेकसले, "बघत काय उभे राहिलात? फावडी आणलीच आहेत, तर खड्ड्यातला गाळ काढा!"