तासाभराच्या वाटेवर

ती कवळ्या बनवायची. दातांच्या दवाखान्यामागच्या अरुंद खोलीत बसून, मेणाच्या साच्यात एकेक दात बसवण्यात तिची निम्मी हयात गेली. थोरली बहीण लग्न होऊन पार दुसऱ्या टोकाच्या शहरात गेलेली. आगगाडीनं जायचं तर एक दिवस नि एक रात्र. विमानाचं नाव काढलं की धाकटी कानांवर हात ठेवायची. त्यामुळे दर वर्षी ताई बोलवायची आणि दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. कामाची घाई, सुट्टी नाही, नाहीतर गुडघा.

"जगाच्या तोंडात दात बसवतेस, माझ्याकडे येऊन दोन घास खायला मात्र तुला जमत नाही," ताई हसत म्हणायची. पुढे पुढे तिनं बोलावणंच सोडलं. फोनवर हवापाण्याचं बोलायची नि ठेवून द्यायची.

मग एका सकाळी भाच्याचा फोन आला. आईला इस्पितळात ठेवलंय, डॉक्टरांनी आशा सोडलीय. मावशी, गाडीच्या भरवशावर राहू नकोस, असं म्हणून त्यानंच विमानाचं तिकीट काढून दिलं.

विमान सुटलं तेव्हा तिनं खुर्चीचे हात घट्ट धरले आणि डोळे मिटून घेतले. कानांत दडे बसले. मग धीर करून शेजारच्या बाईला विचारलं, अजून किती लांब आहे. बाई म्हणाली, उतरायला लागलं की आता. तिला खरं वाटेना. पेल्यातलं पाणीसुद्धा संपलं नव्हतं आणि खाली घरांची छपरं दिसत होती. एवढ्या वेळात तिचा प्लास्टरचा एक साचाही धड सुकत नसे. तिला रडू आवरेना. बाईला वाटलं, घाबरली बिचारी.

ताई शुद्धीवर होती. चादरीखाली एवढीशी झालेली. तिनं धाकटीला खुणेनं जवळ बसवून घेतलं.

"दमली असशील. किती वेळ लागला गं?"

भाचा उशाशी उभा होता. त्याला सगळं ठाऊक होतं. धाकटीनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"खूप लागला, ताई. कालची निघालेय."

भाच्यानं मान खाली घातली. ताईनं बहिणीचा हात हातात घेतला, बोटं चाचपली.

"वाटलंच मला. एवढी लांबची वाट, उगाच नाही तू यायची राहिलीस."

दोन दिवसांनी ताई गेली.

सगळं उरकल्यावर भाचा परतीचं तिकीट काढायला बसला. मावशी, तासाभरात घरी असशील, म्हणाला.

"एवढ्या लवकर नको रे," ती म्हणाली.

ती आगगाडीनं निघाली. खिडकीशी बसून दिवसभर रडली, अंधार पडल्यावरही रडली. गाडी प्रत्येक लहानसहान स्टेशनावर थांबत होती, आणि तिला कसलीच घाई नव्हती.