कातडी कमावणाऱ्यांची घोडी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी घोडी आहे. मला शेपूट नाही, खोगीर नाही आणि जन्मात मी एक पाऊलही चाललेली नाही. ज्याच्यावर वस्तू टेकवून काम करता येते त्याला सुतार घोडी म्हणतो, म्हणून मी घोडी. कातडी कमावण्याच्या कारखान्यात, पाण्याच्या नळाजवळ, डावीकडच्या भिंतीशी मी छत्तीस वर्षे काम केले. तुम्ही माझ्याजवळ आलात तर आधी नाकाला रुमाल लावाल. खुशाल लावा, मला राग येत नाही. थोड्या वेळाने तो वास जाणवेनासा होतो. मग नीट ऐका.

एका जाड, सरळ ओंडक्यातून सुताराने मला घडवले. माझी पाठ त्याने पन्हाळीसारखी गोल केली. एक टोक जमिनीला टेकलेले आणि दुसरे दोन पायांवर, उभ्या माणसाच्या पोटाला लागेल इतक्या उंचीवर. रंधा मारून झाल्यावर त्याने बायकोचे जुने मलमली फडके माझ्या पाठीवरून ओढून पाहिले. धागा अडकला की तिथे पुन्हा रंधा. असे तीन दिवस चालले. त्याची बायको म्हणाली, "अहो, मुलीच्या लग्नाच्या पाटाला तुम्ही एवढा वेळ दिला नव्हता."

"पाटावर माणसं बसतात," सुतार म्हणाला. "ती थोडं टोचलं तर सरकून बसतात. हिच्यावर कातडं पडणार. गाठ राहिली तर सुरी अडकेल आणि कातडं फाटेल. कातडं सरकून बसत नाही."

त्या सुताराचे उपकार मी कधी विसरले नाही. माझ्या पाठीवर हजारो कातडी आली आणि माझ्या चुकीने एकही फाटले नाही.

कातड्यापासून चामडे कसे होते, हे तुम्हाला थोडे सांगायला हवे. चामडे टिकावे म्हणून कातडे कमवावे लागते, आणि त्याआधी त्याच्यावरचे केस काढावे लागतात. केस सहज निघत नाहीत. माझ्या काळी कातडी चुन्याच्या हौदात आठ-दहा दिवस बुडवून ठेवत आणि त्या चुन्यात सल्फाइड नावाचा जहाल क्षार घालत. केसांचा त्यात लगदा होई. मग चिमट्याने एकेक कातडे ओढून माझ्यावर पसरायचे, पोटाने माझ्याशी दाबून धरायचे आणि दोन मुठींच्या बोथट सुरीने वरून खाली खरवडत जायचे. लगदा माझ्या पायांशी पडे, गटारात जाई आणि तिथून मागच्या ओढ्यात. त्या ओढ्यात मी कधी बेडूक ओरडताना ऐकला नाही.

खरवडायचे काम मामा करीत. ते कोणाचे मामा होते कोणास ठाऊक, पण मालकीणबाईंपासून नळ दुरुस्त करणाऱ्यापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. ते माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या मिशा काळ्या होत्या. रोज सकाळी ते माझ्या पाठीवर दोन तांबे पाणी ओतत, ओल्या पोत्याने मला पुसत आणि म्हणत, "चला बाई, लागू या." दिवसभरात माझ्याशी त्यांचे तेवढेच बोलणे. मला ते पुरत असे.

चुना आणि सल्फाइड केस खातात, मग माणसाची कातडी कशी सोडतील? मामांची नखे पिवळी पडली, बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या. रबरी हातमोजे दिले होते, पण ओले कातडे मोज्यातून निसटे, म्हणून ते काढून ठेवत. कामाच्या तिसाव्या वर्षी भेगा भरेनाशा झाल्या. त्वचेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, की आता चुन्यात हात घातले तर बोटे मिटायची बंद होतील.

मालकीणबाई चांगल्या होत्या, पण सरळ बोलत. त्या माझ्याजवळ येऊन मामांना म्हणाल्या, "मामा, महिनाअखेरपर्यंत बघू. चुन्याशिवाय काम करायची काही वाट निघाली तर ठीक. नाहीतर तुम्ही घरी बसा. तुमचे हात गेलेले मला बघवणार नाहीत."

मामा हो म्हणाले. त्या दिवशी त्यांनी सुरी इतकी जोरात चालवली की मी हलले. मित्रांनो, ज्या माणसाला दुसरे काही येत नाही आणि जे येते ते फार चांगले येते, त्याला घरी बसा म्हणणे म्हणजे काय, हे मला तेव्हा समजले.

वाट काढली मामांच्या लेकीने. ती एका प्रयोगशाळेत काम करायची. पुढच्या रविवारी ती एक बंद डबा घेऊन आली. आत फिकट तपकिरी पूड होती. कातडी घुसळायचा ड्रम फिरवणारा मेहुणा, म्हणजे मामांच्या बायकोचा भाऊ, लगेच डोकावला.

"दाजी, तीस वर्षं तुम्ही खरवडलंत, आता पोरीनं जादूची पूड आणली. उद्या कातड्यांना कंगवा फिरवू, भांग पाडू."

"मामा, गप्प बसा हो," लेक म्हणाली. तिचा तो खरा मामा. "हे एन्झाइम आहे. तुम्ही घास खूप वेळ चावलात की गोड लागतो ना? ते तोंडातलं एन्झाइमच करतं. मोठा रेणू कापून लहान करतं. प्रत्येक एन्झाइमचं काम ठरलेलं. हे केसाच्या मुळाशी जो गोंदासारखा भाग असतो तेवढाच सोडवतं. केस जळत नाही, अख्खा निघतो."

"आणि हात?" मामांनी विचारले.

"मोजे आणि तोंडाला फडकं लागेलच. पण चुन्यानं भाजतात तसे हात भाजणार नाहीत."

मालकीणबाईंनी शेळीची बारा कातडी दिली. ती साधली तर पुढे बघू, नाही साधली तर पुन्हा चुन्याचे हौद. मामांच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच होता, की बारा कातडी साधली तर आपण इथे, नाहीतर घरी.

लेकीने बादलीत पाणी मोजले, पूड मोजली आणि लेप कातड्याला चिकटून राहावा म्हणून त्यात पांढरी माती घातली. हा लेप कातड्याच्या मांसाकडच्या बाजूला लावायचा, कातडी घडी करून एकावर एक रचायची, ओल्या पोत्याने झाकायची आणि दुसऱ्या सकाळी उघडायची. "बाबा, तुम्ही ढवळा, मी कुंचा आणते," असे म्हणून ती आत गेली.

मामांनी छान ढवळले. एकही गाठ ठेवली नाही. आणि मग, मित्रांनो, मी जे पाहिले ते सांगायला मला तोंड नव्हते. ढवळून झाल्यावर त्यांचा उजवा हात मागे गेला, फळीवरच्या पिंपात शिरला आणि मूठभर चुना बादलीत पडला. त्यांचे लक्ष दाराकडे होते. हौद ढवळून झाला की शेवटी वरून एक मूठ टाकायची, ही त्यांच्या वडिलांपासूनची पद्धत. तीस वर्षे तो हात तसाच चालत आला होता. पांढऱ्या मातीत पांढरा चुना दिसला नाही. लेक आली, तिने बाराही कातड्यांना लेप लावला.

सकाळी पहिले कातडे माझ्यावर आले. मामांनी अंगठ्याने केस दाबले. केस जागचे हलले नाहीत. त्यांनी सुरी लावली. सुरी केसांवरून घसरली. दुसरे कातडे, तिसरे, तेच.

मेहुण्यानेही विनोद केला नाही. मालकीणबाई म्हणाल्या, "राहू दे पोरी. तू प्रयत्न केलास. उद्या हौद भरून ही कातडी तरी वाचवू."

लेक खाली मान घालून उभी होती. मग तिने खिशातून कागदाची एक पट्टी काढली, लेपाला लावली आणि बघत राहिली. पट्टी गडद निळी झाली.

"ह्यात चुना आहे," ती हळूच म्हणाली. "एवढ्या चुन्यात हे एन्झाइम कामच करू शकत नाही, मरूनच जातं. बादली चुन्याची असणार. मी नीट धुतली नसेल. माझीच चूक."

मामांनी आपला उजवा तळहात उलटा-सुलटा करून पाहिला. भेगांमध्ये पांढरे भरले होते. त्यांना गप्प राहता आले असते. लेकीने चूक स्वतःवर घेतलीच होती, आणि मालकीणबाईंना खरे काय ते कळले नसते.

"बादली स्वच्छ होती," मामा म्हणाले. "चुना मी घातला."

"का हो दाजी?" मेहुणा म्हणाला.

"घातला म्हणजे... गेला. ढवळून झालं की मूठ जातेच. मला आत्ता कळतंय."

 मला वाटले, आता लेक चिडेल. तिची सगळी मेहनत एका मुठीत गेली होती. पण तिने वही काढली, पेन काढले आणि विचारले, "बाबा, मूठ केवढी होती? भरून, की सैल?"

मामांनी मूठ वळून दाखवली. तिने मोजमाप लिहून घेतले. आधी मेहुणा हसला, मग मालकीणबाई, आणि मग मामासुद्धा. मालकीणबाईंनी डोळे पुसत सांगितले, "आणखी बारा घ्या. पण ह्या वेळी मामांना लांब बसवा, तिकडे मिठाच्या पोत्यांवर."

"नाही," लेक म्हणाली. "बाबाच ढवळतील. माझ्या ढवळण्यात गाठी राहतात."

या वेळी सगळे भोवती उभे राहिले. मामांनी ढवळले. ढवळणे संपले आणि त्यांचा हात आपोआप मागे निघाला. फळीवरचे पिंप कोणीही हलवले नव्हते. लेकीने पाहिले, पण ती बोलली नाही. हात अर्ध्या वाटेवर थांबला, मग खाली आला आणि त्याने माझी कड घट्ट धरली. ती पकड मी अजून विसरलेले नाही. इतकी वर्षे मी त्यांच्या कामाला आधार दिला होता, त्या दिवशी त्यांना दिला.

दुसऱ्या सकाळी पहिले कातडे माझ्यावर पडले. मामांनी अंगठा लावला आणि केस ओल्या गवतासारखे सरकले. त्यांनी सुरी उलटी धरून नुसती ढकलली. अख्ख्या कातड्याचे केस एका सलग शालीसारखे घडी होत माझ्या पायांशी उतरले. खाली कातडे गुळगुळीत, एकही ओरखडा नाही. मेहुण्याने ती केसांची शाल उचलून स्वतःच्या टकलावर ठेवली आणि म्हणाला, "दाजी, माझं तरी काम झालं."

त्यानंतर सल्फाइडची पोती येणे बंद झाले. केस गटारात न जाता वेगळे वाळू लागले आणि गाद्या भरणारे ते घेऊन जाऊ लागले. सगळे एकदम सुरळीत झाले असे मात्र समजू नका. एकदा कातडी ठरल्यापेक्षा सहा तास जास्त झाकून राहिली, तर एन्झाइमने केसांबरोबर कातड्याचा वरचा पापुद्राही सोडवला. लेकीने भिंतीवर मोठे घड्याळ लावले. एन्झाइमला डोळे नसतात, थांबवायचे कधी ते माणसानेच बघायचे असते.

आणि माझे काय झाले? काम हलके झाले, केस काढायलाही मोठा ड्रम आला आणि मला मिठाच्या पोत्यांमागे उभे केले गेले. दोन वर्षे माझ्यावर धूळ बसली. एका कोंबडीने माझ्या पायांमध्ये अंडी घातली. मला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? पण रोज सकाळी तिकडून मामांचा आवाज यायचा, आणि तो ऐकला की वाईट वाटणे कमी व्हायचे. ते कारखान्यात होते, हे मला माझ्या जागेपेक्षा मोलाचे वाटे. पुढे कळले, की पायांजवळचे आणि मानेजवळचे केस ड्रममध्ये राहून जातात. ते हातानेच काढावे लागतात. मामा पोत्यांमागे आले, त्यांनी कोंबडीला हुसकले, माझ्यावर दोन तांबे पाणी ओतले आणि मला नळाजवळ नेले. पुढची सहा वर्षे आम्ही पुन्हा बरोबर काम केले.

शेवटच्या वर्षी लेक आपल्या तीन महिन्यांच्या मुलीला घेऊन कारखान्यात आली. ती मामांना म्हणाली, "घ्या ना बाबा." मामा मागे सरले. तेव्हा ते जे बोलले ते मी कधी ऐकले नव्हते. "तू एवढी होतीस तेव्हा मी तुझ्या गालाला हात लावला नाही कधी. माझ्या हातानं तुझा गाल सोलला असता. मी हात सदऱ्याच्या बाहीत ओढून तुला धरायचो."

लेकीने बाळ त्यांच्या हातात दिले. मामांनी ते डाव्या हातावर घेतले आणि उजव्या हाताचे एक बोट बाळाच्या गालावरून अगदी हळू फिरवले. बाळ झोपलेले होते. ते झोपलेलेच राहिले.

मित्रांनो, मला सुताराने घडवले, मामांनी पुसले, आणि त्या पोरीने माझ्या मामांना माझ्याजवळ राहू दिले. या तिघांची मी आभारी आहे. ज्या जनावरांची कातडी माझ्या पाठीवर आली, त्यांचीही आहे. तुमचे बूट, तुमचे दप्तर कोणाच्या तरी हातांतून आलेले असते. ते पुसा, जपा. आणि तुमच्या घरात कोणाचे हात खरखरीत असतील, तर ते एकदा आपल्या हातात घ्या आणि असे कशाने झाले ते विचारा. ते लाजतील, हात मागे घेतील. तुम्ही सोडू नका.