खिडकीपुढचं कपाट

मी लिलाव पुकारायचो. कुणाचं दुकान बुडालं, भाऊ वेगळे झाले, म्हातारी माणसं घर मोडून मुलाकडे राहायला निघाली, की लोक मला बोलवायचे. माझा आवाज असा होता की मी "एक वार" म्हटलं की रस्त्यावरची बस थांबायची, आणि "तीन वार" होईपर्यंत तिचा ड्रायव्हर एखादं ड्रेसिंग टेबल विकत घेऊन पुढच्या स्टॉपला पोचलेला असायचा. उजव्या पायाचा एकटा बूट मी विकला आहे. घेणाऱ्याचे दोन्ही पाय शाबूत होते. मुका पोपट विकला आहे, तो 'घरातलं बाहेर न बोलणारा' म्हणून. एकदा मागच्या रांगेत एका गृहस्थांना शिंक आली, ती मी बोली समजलो आणि त्यांच्या गळ्यात पियानो पडला. पुढे ते पियानोचे क्लास घ्यायला लागले. खोटं वाटत असेल तर त्यांना विचारा. आता ते हयात नाहीत, ही माझी चूक नाही.

पण ही सगळी किरकोळ फुशारकी. माझा खरा अभिमान वेगळाच. माझ्या हातोड्याखालून एकही वस्तू बिनविकली परत गेली नाही. एकही नाही! आमच्या धंद्यात ह्याला फार मान. बाकीचे पुकारे संध्याकाळी उरलेला माल टेम्पोत भरून तोंड लपवत जायचे. मी मोकळ्या हाताने, मान वर करून घरी जायचो.

आता प्रत्येक वस्तूला गिऱ्हाईक मिळतंच असं नाही. एखादं टेबल असं यायचं की पाय तीन, आणि त्या तिघांचा एकमेकांशी अबोला. समोरची माणसं छताकडे बघायला लागायची. अशा वेळी मागच्या रांगेतली एक बाई डावा कान खाजवायची. की माझा हातोडा खाली. "विकलं! मागच्या बाईंना!" बाई उठून रोख पैसे मोजून द्यायची, त्यात लबाडी नव्हती. ती बाई म्हणजे आमची ही. लग्नानंतरच्या पहिल्याच लिलावात मी एका गळक्या टबापुढे घामाघूम झालो होतो. तिला ते बघवलं नाही, तिचा हात कानाकडे गेला, आणि पुढे सगळा जन्म तो कान काही थांबला नाही.

तेव्हा अख्ख्या गावाने नाकारलेलं जे जे, ते आमच्या पुढच्या खोलीत. त्या खोलीत शिरायचं तर श्वास सोडून शिरावं लागायचं. आत घ्यायला जागाच नव्हती. एकदा मांजर आत गेलं. बाहेर आलं तेव्हा चार पिल्लं आणि एक सून बरोबर होती. आणि ह्या सगळ्याच्या शेवटी, खिडकीला पाठ लावून, उभं होतं कार्डांचं कपाट.

हे कपाट मूळचं बियाण्यांच्या दुकानातलं, वरपासून खालपर्यंत नुसते छोटे छोटे खण. बोली लावायला येणारा प्रत्येक माणूस मला आपलं कार्ड द्यायचा आणि मी ते ठेवायचो. गादीवाले, घड्याळवाले, पेढ्या बंद झालेले, पत्ते बदललेले, टेलिफोनचे नंबर एवढे तोकडे की आज लावले तर यंत्र म्हणेल, पुढचं काय? शिवाय माझी स्वतःची: मुदत संपलेली बँकेची कार्डं, बंद पडलेल्या वाचनालयाचं सभासदत्व, बसचे जुने पास, आणि लिलाव पुकारण्याचा परवाना. परवान्यावर माझा फोटो आहे. डोक्यावर एवढे केस की फोटोवाल्याने कॅमेरा मागे नेला होता.

तर गोष्ट आता सूनबाईची.

आमची सून कवळ्या बनवते. डॉक्टर साचे पाठवतात, ही त्यात दात उभे करते. तिचा हात असा की तिने बनवलेल्या कवळीने एका आजोबांनी पहिल्याच दिवशी भांडण उकरून काढलं आणि जिंकलं. बेकरीच्या वर कामासाठी एक भाड्याची खोली होती तिची. मालकाला ती आपल्या लेकीसाठी हवी झाली, महिनाअखेर सोडा म्हणाला. दुसरीकडे दूरच्या शहरातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेने तिला नोकरी देऊ केलेली. आमचे चिरंजीव कॉम्प्युटरवर काम करतात, त्यांना टेबल कुठलंही चालतं. म्हणजे ती गेली की दोघंही गेले.

"मला जायचं नाहीये, बाबा," ती मला सरळ म्हणाली. "दुसऱ्याच्या हाताखाली दिवसभर एकाच मापाचे दात लावत बसायचं नाहीये. मला पुढची खोली द्या."

"घे की. आतला कोपरा मोकळा करून देतो."

"कोपरा नको. खिडकी हवी."

"दिवा लावून देतो चांगला."

"दाताचा रंग दिव्याखाली ठरत नाही. दिव्याखाली पिवळा दात पांढरा दिसतो, आणि गिऱ्हाईक घरी जाऊन आरशापुढे रडतं. त्या खिडकीत दिवसभर सारखा उजेड असतो. बाहेरून बघितलंय मी. आतून कपाट आहे."

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, भंगारवाल्याला बोलवा आणि मोकळे व्हा."

"भंगारवाला?" माझा आवाज चढला. "माझा माल वजनावर? गंजलेल्या खिळ्यांबरोबर तागडीत? ज्या वस्तूंवर मी हातोडा मारला त्यांच्यावर तो काटा मारणार? जमणार नाही. जायचंच असेल तर माझा माल बोलीने जाईल. परत लिलाव करू!"

सूनबाई हसली नाही. कवळ्या करणाऱ्यांना तोंड मिटून विचार करायची सवय असते. मग म्हणाली, "करा. एक अट. जे विकलं जाणार नाही ते त्याच दिवशी घराबाहेर जाईल. आणि आई कान खाजवणार नाहीत."

"मला काय खाज सुटलीय का?" ही म्हणाली, पण कान लाल झालेला मला दिसला.

रविवारी सकाळी दारापुढे सगळी गल्ली जमली. समोरचा न्हावी स्वतःची खुर्ची घेऊन आला. शिवणवाल्या काकू आल्या, निवृत्त मास्तर आले, आणि कोपऱ्यावर भंगारवाला हातगाडीला टेकून उभा राहिला, गिधाडासारखा, पण नम्र गिधाडासारखा. ही मागच्या रांगेत दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसली.

कितीतरी वर्षांनी हातोडा हातात घेतला आणि काय सांगू! आवाज गंजला असेल अशी भीती होती. पहिली हाक दिली आणि वरच्या मजल्यावरचे वाळत टाकलेले कपडे आपोआप घडी होऊन पडले.

"पाती नसलेला पंखा! बघून घ्या. आवाज? अजिबात नाही. वीज खात नाही, धूळ उडवत नाही, सर्दी होत नाही!"

"वाराही देत नाही," मास्तर म्हणाले.

"मास्तर, तुम्हाला वारा हवाय की शांतता?"

मास्तरांनी बायको बसली होती त्या घराच्या दिशेने एकदा पाहिलं आणि हात वर केला. विकला!

तीन पायांचं टेबल काकूंनी नेलं. त्यांची भिंत वाकडी आहे, तिथे नेमकं बसेल असं मी त्यांना पटवलं. गळका टब झाडांसाठी गेला. एकट्या चपला, झाकणं, झाकणांविना डबे, डब्यांविना किल्ल्या, सगळं चाललं होतं. रंग असा चढला की मी न्हाव्याच्या बुडाखालची खुर्चीसुद्धा पुकारली. तोही इतका रंगलेला, की त्याने दोघांच्या वर बोली लावून स्वतःचीच खुर्ची जिंकली आणि टाळ्या घेतल्या. घरी गेल्यावर बायकोने विचारलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं. पैसे परत केले हो मी! पण तो म्हणतो, अशी मजा खुर्चीत बसून कधी आली नव्हती.

दुपार होईतो खोली रिकामी. जमीन दिसली. ती कुठल्या रंगाची आहे ह्यावर आम्हा नवरा-बायकोत वाद होता. दोघंही चुकलो होतो.

राहिलं एक कपाट.

कार्डांनी भरलेलं ते बाहेर काढता येईना, म्हणून सगळी मंडळी आत बोलावली. खोलीत अंधार होता, दिवा लावला. सूनबाई दारात आपली दातांच्या रंगांच्या नमुन्यांची पेटी हातात धरून उभी. मी घसा साफ केला.

"हे कपाट कार्डांसकट! ह्यात आख्खं शहर आहे. ह्या खणात गाद्या, ह्यात घड्याळं, ह्यात तालमीतले पैलवान. असा संग्रह राजाकडे नसेल!"

"राजाचं कार्ड आहे का?" न्हाव्याने विचारलं.

"ह्यातल्या नंबरावर फोन लावला तर उचलणार कोण?" काकू म्हणाल्या. "निम्मी मंडळी वर गेली की हो."

"वरपर्यंत ओळख असलेला माणूस मिळेल का दुसरा?" मी म्हटलं. हशा झाला. हात एकही वर आला नाही.

भंगारवाला पुढे आला. "आजोबा, लाकूड चांगलं आहे. कार्डं काढून टाका, रिकामं कपाट मी घेतो. बोलीने घेतो, तागडी नाही लावत."

सोपं होतं. पण एकदा एकत्र पुकारलेला माल, म्हणजे लॉट, फोडायचा नाही, हा धंद्याचा कायदा. दुसऱ्याने फोडला असता तर मी त्याच्याशी बोलणं टाकलं असतं. आणि खरं सांगायचं तर कपाट नुसतं लाकूड होतं. माझा माल म्हणजे ती कार्डं होती. एवढ्या माणसांनी माझ्या आवाजासाठी चालत येऊन आपलं नाव माझ्या हातात दिलेलं.

"कार्डांसकट," मी म्हणालो. "एक वार!"

भंगारवाला मागे सरला. सगळे छताकडे बघायला लागले. ते बघणं मी ओळखतो.

"दोन वार!"

आवाज जरा फाटला. घाम कपाळावरून भुवईत उतरला. आणि मला मागच्या रांगेत हालचाल दिसली. हिचा डावा हात मांडीखालून बाहेर आला होता. ती अट विसरली होती, सून विसरली होती, खोली विसरली होती. तिला फक्त मी दिसत होतो, गळक्या टबापुढे उभा असल्यासारखा. हात खांद्यापर्यंत आला.

सूनबाईने तो पाहिला. ओरडली नाही, अट काढली नाही. तिने हातातली पेटी हळूच बंद केली. तिची कडी लागल्याचा आवाज सगळ्या खोलीत एकट्या मला ऐकू आला.

"हात खाली!" मी गरजलो. ही दचकली. न्हावी खुर्चीतून उठून उभा राहिला. त्याला वाटलं, त्यालाच म्हणालो.

"आज ह्या घरात कुणाचाही कान खाजणार नाही," मी म्हणालो. "तीन वार!" आणि हातोडा आपटला. "नाही विकलं!"

माझ्या तोंडून हे शब्द कधी निघालेच नव्हते, त्यामुळे पहिल्यांदा ते नीट उमटले नाहीत. मास्तर म्हणाले, "काय म्हणालात?"

"नाही विकलं!" मी पुन्हा पुकारलं, बस थांबेल असं. "लिहून घ्या, सांगत सुटा! माझ्या हातोड्याखाली एक वस्तू बिनविकली राहिली. आणि ती ऐरीगैरी नाही. अख्खं शहर मावलेलं कपाट आहे, आणि चार माणसांना हलवता आलं तर नाव बदलीन!"

चार माणसांनी हलवलं. नाव काही बदललं नाही मी. पण आधी खण मी स्वतः ओतले, एकेक, पोत्यात. गाद्या, घड्याळं, पैलवान. परवाना हातात आला. ही शेजारी येऊन उभी राहिली, फोटोकडे बघून म्हणाली, "केस टोप घातल्यासारखे दिसतायत."

"ह्याच केसांशी तर लग्न केलंस."

"आवाजाशी केलं," ती म्हणाली, आणि कात्रीने परवान्याचे दोन तुकडे करून पोत्यात टाकले. लिलाव संपला होता, लॉट मोडीत निघाला होता. रिकामं कपाट आणि ते पोतं भंगारवाला घेऊन गेला, आणि त्याने तागडी गाडीवरून खाली काढलीसुद्धा नाही.

कपाट सरकलं आणि उजेड आत आला. कोंडून ठेवलेला उजेड होता तो, वर्षानुवर्षांचा. असा लोटला की मास्तर दोन पावलं मागे ढकलले गेले आणि काकूंच्या चष्म्याची काच आपोआप पुसली गेली. चिरंजीवांनी बाक आणून खिडकीशी लावला. सूनबाईने तिथेच पेटी उघडली, एक दात उचलून उजेडात धरला आणि डोळा बारीक केला.

मी खिडकीत उभा राहिलो, छाती काढून. रस्त्यावरून जाणाऱ्याला थांबवून सांगत होतो, "ही माझ्या सुनेची कार्यशाळा. दात पाहिजेत? रांगेत या." दोघांना नको असताना थांबवलं. एकाचे दात सगळे शाबूत होते, तरी तो नंबर लावायला तयार झाला.

"बाबा," मागून सूनबाई म्हणाली.

"बोल, बेटा."

"उजेडातून बाजूला व्हा."

आयुष्यभर मी लोकांना माल उचलायला सांगितलं. मलाच जागेवरून उचलायला कुणी सांगितलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. बाजूला झालो; ही मागेच उभी होती, तिने जागा करून दिली.