जेनोव्यातली ऊब

"थंडीनं माणूस मरत नाही सूनबाई, थंडीवरच्या उपायानं मरतो. बंद खोलीत निखारे घेऊन निजू नको, म्हणून लिही रघूला," असं हरिश्चंद्र सुर्वे म्हणाले, तेव्हा दमयंतीनं तोंडाला पदर लावून हसू दाबलं होतं.

सासऱ्यांना थंडी ठाऊक असणार कुठली? सारा जन्म रत्नागिरीत. मोठ्या लढाईत बसऱ्याला लष्कराच्या कोठारावर कारकून होते, तेवढाच काय तो परदेश. शिवाय लेकीच्या, चिमाच्या वेळी ती स्वतः बाळंतिणीच्या खोलीत खाटेखाली शेगडी घेऊन निजली होती. दार बंद, खिडकी बंद. काय झालं तिला? कॉलेजात शिकलेली बाई डोळ्यांनी पाहिलेलं मानणार, की म्हाताऱ्याचं बोलणं? नवऱ्याला तिनं उलटंच लिहिलं. "खिडकीच्या फटी नीट बुजवा. छातीत थंडी भरली तर तिथे काढा कोण करून देणार?"

रघुनाथ इटलीत जेनोव्याला जहाजबांधणी शिकत होता. माघात त्याचं पत्र आलं. रिवाजाप्रमाणे दमयंतीनं ते पडवीत मोठ्यानं वाचलं. पाचव्या मजल्यावरची खोली, बोळ इतका अरुंद की समोरच्या घरातला खोकला ऐकू येतो, डोक्यावर दोऱ्यांवर सगळ्यांची धुणी. घरमालकीण सिन्योरा तेरेसा विधवा आहे, रात्री उशीर झाला की दारातच फैलावर घेते. बाजारात तारल्या मिळाल्या, पण तिनं त्या ऑलिव्हच्या तेलात बुडवल्या.

"अरे देवा! तारलीचं वाटोळं!" हरिश्चंद्र म्हणाले.

मधला एक परिच्छेद मात्र दमयंतीनं गाळला. त्यात अंथरुणाच्या गोष्टी होत्या. सासऱ्यांपुढे कशा वाचणार? तो तिनं माजघरात एकटीनं वाचला, पुन्हा पुन्हा वाचला आणि ते पान चोळीत जपून ठेवलं.

चारपाच दिवसांनी हरिश्चंद्र चिमाला मांडीवर घेऊन बसऱ्याची गोष्ट सांगत होते. तंबूतला सोबती, रावजी. कडाक्याची थंडी, तंबूची कनात घट्ट आवळलेली, आत पेटत्या कोळशांची लोखंडी टोपली.

"रोज सकाळी डोकं धरून बसायचा. म्हणायचा, खाणं बाधलं. उन्हात गेला की हुशार. आणि एका सकाळी उठलाच नाही. चेहरा कसा लालबुंद, जसा नुकता हसलाय."

दमयंतीच्या हातातलं सूप खाली पडलं.

"मामंजी, पत्रातलं थोडं... वाचायचं राहिलं."

"मग वाच की."

खाली मान घालून तिनं वाचलं. "इथे अंथरूण ऊबदार करायला पांघरुणाखाली लाकडी चौकट ठेवतात, आत निखाऱ्यांचं भांडं. चौकटीला इथल्या भाषेत म्हणतात 'पाद्री', म्हणजे आपले 'भटजी'! सिन्योरा रोज विचारते, आज भटजी हवेत का? निजताना चौकट काढायची असते, भांडं परत द्यायचं असतं. मी भांडं ठेवून घेतो, रात्रभर खोलीत. तुझ्या सांगण्याप्रमाणे फटी कागदानं बुजवल्यात. आता ऊब अशी, जशी तूच जवळ आहेस. सकाळी मात्र डोकं जड असतं, मळमळतं. ते तेल बाधत असावं. बाहेर पडलं की बरं वाटतं. कपाळावर तुझा हात हवा होता."

वाचताना लाजेनं कान तापायला हवे होते. हातपाय गार पडले होते.

"पण मामंजी, मी निजले होते ना शेगडी घेऊन?"

म्हाताऱ्यानं वर पाहिलं. "तुझ्या डोक्यावर कौलं होती, पोरी. कौलांतून सगळं निघून जातं. त्याच्या डोक्यावर दुसऱ्याचं घर आहे. आणि निखाऱ्यांच्या त्या विषाला ना धूर, ना वास."

पागोटं न बांधताच ते तारऑफिसकडे निघाले. उन्हात बोडक्या डोक्यानं सासरे कधी बाहेर पडलेले तिनं पाहिले नव्हते. तिची भीती त्यानंच दुणावली.

तारेला उत्तर आलं नाही. तार दारात पडली असेल? सिन्योरानं जपून ठेवली असेल? पत्र बोटीनं येईपर्यंत तिकडे किती रात्री होऊन गेल्या होत्या! दारावर सायकलची घंटा वाजली की दमयंती चिमाला उराशी धरून आत पळे. जे येईल ते दुसऱ्या कुणीतरी आधी वाचावं.

शेवटी तिनं पूर्णगडच्या धोंडूला गाठलं. तो विलायती बोटीवर खलाशी, रजा संपवून निघाला होता.

"आमची बोट जेनोव्याला लागते वयनी, पन चार बंदरां करीत. मी जातंय ना तेच्याकडं."

"दार आतून लावलेलं असेल. हाकेला उघडलं नाही तर थांबू नका, फोडा."

"आनि उघडलान् तर?"

"तर त्यांच्या हातची एक ओळ आणा," ती कसंबसं म्हणाली.

धोंडू गेला. पण त्याला पोचायला अवकाश आहे, आणि जेनोव्यात रोज रात्र होते. म्हणून, वाचणाऱ्या बाबांनो आणि बायांनो, दमयंतीची एवढी विनवणी ऐका. तुमचा कुणी भाऊ, भाचा, ओळखीचा त्या शहरात असेल तर त्याला आजच कळवा. बंदराच्या मागचा चढ, पिवळ्या चर्चला लागून बोळ, पाचवा मजला, सिन्योरा तेरेसाचं घर. रघुनाथ सुर्वे म्हणून हाक मारायची. तो दार उघडतो का, तेवढं पाहून या.