मूलच्या मिलची तक्रार

तो फोन आला की पायलची नजर आधी दाराकडे जायची. पलीकडून कोणी बोलायचं नाही. नुसता श्वास ऐकू यायचा, आणि मागे कुठलं तरी यंत्र घरघरत असायचं. मग एखादं अक्षर अडखळत दोनतीनदा यायचं, आणि फोन बंद.

चंद्रपुरात जटपुरा गेटजवळ, एका कापड दुकानाच्या वर धनराजभाऊंचं ऑफिस होतं. भाऊंनी राइस मिलसाठी एक सॉफ्टवेअर बनवलं होतं. काट्यावर धानाची गाडी आली की तिचं वजन, पोत्यांची म्हणजे कट्ट्यांची संख्या, निघालेला तांदूळ, कोंडा, सगळं त्यात चढायचं. मूल, सावली, सिंदेवाही, पार वडशापर्यंतच्या गावांतल्या मिल त्यांच्या गिऱ्हाईक होत्या. पायल बल्लारपूरची. रोज सकाळच्या पॅसेंजरने यायची. तिचं काम प्रोग्राम दुरुस्त करण्याचं, पण ऑफिसात तिसरं माणूसच नसल्याने फोनही तीच उचलायची.

एकदा तिचा चेहरा पाहून भाऊंनी रिसीव्हर हिसकावला. "कोण बे तू? पोरीचा आवाज आयकाले फोन लावतं काय? समोर ये, पाय मोडून ठेवतो!" आणि आणखी बरंच काही. पायलला बरंही वाटलं आणि कसंसंही. पलीकडच्याने फोन लगेच ठेवला नव्हता. सगळ्या शिव्या त्याने ऐकून घेतल्या होत्या.

ते २००४ साल. दिवाळी होऊन गेली होती, धानाचा हंगाम जोरात होता आणि दिवसभर फोन खणखणत होता. गिऱ्हाइकांच्या अडचणी नोंदवून ठेवायला भाऊंनी एक फुकट मिळणारा प्रोग्राम नागपूरच्या मित्राकडून आणून ऑफिसच्या कम्प्युटरवर टाकला होता. कोणत्या मिलची काय तक्रार, ती मिटली की उघडी, हे त्यात दिसायचं. पण लिहायचं पायलनेच, फोनवर ऐकून.

"याले वेबवर टाक," भाऊ म्हणाले. "मिलवाले तिथूनच लिहितीन. हा फोन तरी थंडा होईन. आन तो हलकटही."

पायल कामाला लागली. नागपूरच्या एका कंपनीच्या सर्व्हरवर भाऊंनी जागा घेतली होती. तिथे फाइली चढवायच्या, त्यामागे डेटाबेस जोडायचा, की कोणत्याही गावातून ते पान उघडणार. निदान पुस्तकात तरी तसं होतं. इथे पान उघडलं की एकच ओळ दिसायची: सर्व्हरमध्ये अंतर्गत बिघाड. कसला, ते कोणी सांगत नव्हतं. वर ऑफिसात टेलिफोनची लाइन एकच. इंटरनेट जोडलं की फोन बंद, फोन सोडला की इंटरनेट बंद. अर्धी फाइल चढली की भाऊ विचारायचे, "झालं काय? सिंदेवाहीवाल्याले फोन लावाचा हाय."

तिला चैन पडेना. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून ती मनातल्या मनात त्याच ओळी तपासायची. जेवताना आई काय बोलली ते कळायचं नाही. फाइलींच्या परवानग्या बरोबर होत्या, डेटाबेस बरोबर होता. मग चुकतंय कुठे?

चूक सापडली ती अगदीच किरकोळ निघाली. विंडोजवरून फाइल जशीच्या तशी चढवली की प्रत्येक ओळीच्या शेवटी न दिसणारं एक अक्षर राहतं, आणि पलीकडचा सर्व्हर त्यालाच अडखळत होता. तिने सगळ्या फाइली पुन्हा, नीट पद्धतीने चढवल्या. पान उघडलं. पांढऱ्या पडद्यावर साधा चौकोन, वर 'नवीन तक्रार'. पायलने टेबलावर हात आपटला. खालच्या दुकानातलं कोणीतरी वर पाहायला आलं.

मग एकेका मिलला फोन करून पासवर्ड दिले. मूलच्या मिलचे मालक लटारूशेठ म्हणाले, "आमच्या इथी इस्तारी म्हणून पोट्टा हाय काट्यावर. कम्प्युटर शिकून हाय. त्याले सांगतो."

पहिली तक्रार मूलहूनच आली. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी: "एकच गाडी दोनदा चढून राह्यली. गोदामात कट्टे कमी, कम्प्युटरमध्ये जास्त."

पायलने तक्रारीखाली लिहून विचारलं, असं कधी होतं? थोड्याच वेळात उत्तर आलं, "माहीत नाई. दुसऱ्या दिवशी दिसते." तिने आणखी विचारलं, इस्तारीने आणखी लिहिलं. माणूस नेमकं लिहीत होता. मध्येच गंमतही करायचा: "आज गाडी एकदाच चढली. तब्येत बरी दिसते."

तिने भाऊंना दाखवलं. भाऊंनी ऑफिसच्या कम्प्युटरवर खोट्या गाड्या चढवून पाहिल्या. काही झालं नाही.

"ऑपरेटरच दोनदा बटन दाबते," ते म्हणाले आणि तक्रार बंद करून टाकली.

दुपारी ती पुन्हा उघडलेली होती. त्याने लिहिलं होतं, "बंद नोका करू. मालक म्हणते कट्टे मी चोरून इकले. सोमवारी कामावरून काढतो म्हणाले."

पायलने ते दोनदा वाचलं. मग इंटरनेट तोडून मिलला फोन लावला आणि इस्तारीला बोलवायला सांगितलं. कोणीतरी हाक मारली. रिसीव्हर उचलल्याचा आवाज आला. मग श्वास. मागे गिरणीची घरघर.

"म्... म्... मू..."

पायलने रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. हे अक्षर तिच्या ओळखीचं होतं. तो मूल म्हणत होता. इतके दिवस तो तेवढंच सांगू पाहत होता, की मूलहून बोलतोय, आणि त्या एका अक्षरापाशी अडत होता.

तिने फोन ठेवला नाही. भाऊ समोर बसून कागद चाळत होते, आणि त्यांच्या शिव्या तिला आठवत होत्या.

"राहू द्या, इस्तारीभाऊ," ती हळूच म्हणाली. "मी फोन ठेवते. लाइन मोकळी झाली की लिहा. मी वाचून राह्यली."

पण त्या दिवशी त्याने काही लिहिलं नाही. पायल दर थोड्या वेळाने पान उघडत राहिली.

"भाऊ, तो हलकट नव्हता," शेवटी ती म्हणाली. "मूलच्या मिलचा ऑपरेटर होता. त्याले बोलता येत नाई नीट. तक्रार सांगाले फोन करे."

भाऊंनी मान वर केली. "मले काय सपन पडलं होतं?" ते म्हणाले. "तरी प्रोग्रामात काई नाई. मी पाह्यलो."

"मी जाऊन पाहू काय?"

"हंगामात? इथचे फोन कोण घेईन?"

सोमवारी ती चंद्रपूरला उतरली आणि ऑफिसला न जाता थेट बसस्टँडवर गेली. मूलची बस लोहाऱ्याच्या जंगलातून चालली होती. दोन्ही बाजूंना साग. कंडक्टर कोणाशी तरी वाघाच्या गोष्टी करत होता. भाऊंना काय सांगायचं, प्रोग्रामात खरंच काही नसलं तर त्या माणसाला काय सांगायचं, हे तिला सुचत नव्हतं. चिचपल्लीला बस थांबली तेव्हा उतरून परत फिरावं, असंही मनात येऊन गेलं.

इस्तारी पंचविशीचा असेल. उंच, सडपातळ, अंगावर कोंड्याची भुकटी. त्याने तिला पाहिलं, हात जोडले, आणि खुर्ची शर्टाच्या बाहीने पुसून दिली.

लटारूशेठ गादीवरून म्हणाले, "बाई, तुमी उगाच आल्या. आज त्याचा हिसाब करून देतो. याचा बाप तलावात मासे मारते, माणूस सिधा. म्हणून पोलिसात नाई गेलो."

"मले फक्त दुपारपर्यंत बसू द्या," पायल म्हणाली.

ती काट्याच्या खोलीत बसली. गाड्या येत होत्या, इस्तारी वजन चढवत होता. बटण तो एकदाच दाबत होता. सगळं ठीक चाललं होतं आणि म्हणूनच तिचा जीव वर-खाली होत होता. टेबलाखाली यूपीएस होता. त्यावरचा दिवा लाल.

"याची बॅटरी?"

इस्तारीने हाताने 'गेली' अशी खूण केली.

पायल एकदम ताठ झाली. चंद्रपूरच्या ऑफिसात इन्व्हर्टर होता. लाइन, म्हणजे वीज, गेली तरी तिथले कम्प्युटर बंद पडायचे नाहीत. इथे पडत असणार.

"गाडी चढवतानी लाइन जाते काय कधी?"

त्याने जोरात होकारार्थी मान हलवली.

मग ती लाइन जायची वाट पाहत बसली. एरवी रोज लोडशेडिंग. त्या दिवशी पंखा थांबायचं नाव घेईना. एक गाडी गेली, दुसरी गेली. शेठ दारात येऊन उभे राहिले. "झालं काय, बाई?"

तिसऱ्या गाडीचं वजन इस्तारीने चढवलं, आणि त्याचं बोट बटणावरून उचललं जाताच पायलने वाकून भिंतीतला प्लग उपटला.

"अवो बाई! काऊन?" शेठ ओरडले.

कम्प्युटर काळा झाला. तिने प्लग पुन्हा लावला. मशीन सुरू व्हायला वेळ घेत होतं. शेवटी प्रोग्राम उघडला. तिने आजच्या गाड्या काढल्या. तीच गाडी, तेच वजन, एकाखाली एक, दोनदा.

भाऊंनी सोय म्हणून करून ठेवलं होतं: काम मध्येच तुटलं तर सुरू होताच शेवटची नोंद पुन्हा चढवायची. ती आधीच चढली आहे का, हे तपासायचं मात्र राहून गेलं होतं.

"म्हणजे हे कट्टे आलेच नोयते?" शेठनी विचारलं.

"नाई. इकले पण नाई कोणी."

शेठनी पडद्यावरच्या दोन्ही ओळींवर बोट फिरवलं. मग इस्तारीला म्हणाले, "मंग तू बोलला काऊन नाई बे?" आणि म्हटल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं. ते बाहेर गेले आणि हमालांवर विनाकारण ओरडले.

इस्तारी तिला स्टँडपर्यंत सोडायला आला. चंद्रपूरची बस लागलेली होती. तिने पाय पायरीवर ठेवला आणि तो काहीतरी म्हणू लागला. ओठ हलले, मान ताठली, आवाज निघेना. कंडक्टरने घंटी ओढली. पायल खाली उतरली.

"जाऊ द्या. दुसरी येईन," ती म्हणाली.

बस गेली. तो पुन्हा सुरुवातीपासून लागला. पायलने त्याचं वाक्य पुरं करायचा मोह आवरला.

"त्... त्या भाऊले सांगा," तो शेवटी म्हणाला, "श्... शिव्या लय चांगल्या देते."

पायल हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

धनराजभाऊ तिच्यावर तापले होते. पण ऐकून घेतल्यावर खुर्चीत मागे टेकले. तो कोड त्यांनी स्वतः, मोठ्या हौसेने लिहिला होता. दोन दिवस त्यांनी तोच कोड ओळीओळीने तपासला. मग दुरुस्ती केली आणि प्रत्येक मिलला स्वतः फोन लावून सांगितलं, चूक आमची होती. मूलला मोटरसायकलने गेले. तिथे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "पोट्ट्यानं चहा पाजला."

पण इस्तारी तिथे राहिला नाही. शेठनी गोदामाची मोजदाद पुरी केली, कट्टे बरोबर निघाले, आणि दुसऱ्या दिवशी तो कामावर आलाच नाही. पायलने फोनवर विचारलं तेव्हा शेठ कुरकुरले, "वडसाकडं गेला म्हणे. मी पगार वाढवून देत होतो, बाई. नवीन ठेवला तो लय बोलते, काम काई नाई."

वडसा भागात भाऊंच्या गिऱ्हाईक अशा तीन मिल होत्या. पायल रोज त्यांच्या तक्रारी उघडून पाहायची. प्रिंटर चालत नाही, पासवर्ड विसरलो. त्याचं लिहिणं तिने एका ओळीत ओळखलं असतं. ते नव्हतं. कोणी सांगितलेलं नसताना ती पान पुन्हा पुन्हा उघडायची, आणि भाऊ म्हणायचे, "तुले झालं तरी काय?"

हंगाम सरत आला तेव्हा वडशाच्या एका मिलने नवीन ऑपरेटरसाठी खातं मागितलं. नाव इस्तारी. पायलने ते लगेच करून दिलं.

संध्याकाळी त्या खात्यावरून तक्रार आली: "इथी काईच खराबी नाई. चालते का ते पाह्यलो."

नियमाने ती तिथल्या तिथे बंद करायची होती. पायल बराच वेळ माऊसवर हात ठेवून बसली. भाऊंनी मागून डोकावून वाचलं.

"हे काऊन उघडं ठेवलं?"

"पाहून राह्यली, भाऊ," ती म्हणाली, आणि उत्तराच्या चौकोनात लिहायला लागली.